पांचवी चिमणी

शास्त्रपाठ : लूक १२:६, ७, मत्तय १०:२९-३१. सोबत वाचावें : उत्पत्ति ४:१-१०, १ करिंथ १२:२२-२६.



मत्तयाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें दोन चिमण्यांचा भाव एक दमडी असा सांगितला आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत पांच चिमण्यांचा भाव दोन दमड्या असा आहे. आतां हिशेब करून पाहा. एका दमडीस दोन, तर दोन दमड्यांस चार झाल्या पाहिजेत. मग ही पांचवी कोठून आली? ज्यानें आठवड्याचा बाजार केला आहे त्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. चार घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पदरांत विकणारा एक वरकड टाकतो, जशी आपल्याकडील भाजीवाली घेतलेल्या भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते. त्या पांचव्या चिमणीस भाव नाहीं. ती कोणाच्या हिशेबांत नाहीं. तरी प्रभु सांगतो कीं, त्या पांचांपैकीं एकीचाही देवास विसर पडत नाहीं.

ही पांचवी चिमणी बाजारांत येण्यापूर्वीं घरट्यांत असते. म्हणून आज आपण घरट्यांत डोकावून पाहूं. कारण जें बाजारांत होतें तें तेथेंही होतें, आणि जें घरट्यांत होतें तें आपल्या घरांत व मंडळींतही होतें.

घरांच्या वळचणीस चिमणी घरटें बांधते हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती बहुधा चार-पांच अंडीं घालिते, आणि तीं एकाच दिवशीं न घालितां दररोज एक याप्रमाणें घालिते. शेवटचें अंडें घालण्यापूर्वींच ती उबवावयास बसते. त्यामुळें अकरा ते चौदा दिवसांनीं पिलें निघूं लागतात तेव्हां तीं सर्व एकदम निघत नाहींत. शेवटचें पिलूं एक दिवस किंवा त्याहूनही उशिरा बाहेर येतें. माणसाच्या मुलांत एका दिवसाचें अंतर म्हणजे कांहींच नाहीं. परंतु चिमणीचें पिलूं पंधरा दिवसांच्या सुमारास घरटें सोडतें, आणि तेवढ्या अवधींत त्याचें वजन जन्माच्या वेळच्या वजनाच्या दसपट होतें. त्याच्या आयुष्यांत एक दिवस फार मोठा आहे. थोरल्या भावंडांच्या माना वर येतात तेव्हां धाकट्याचे डोळेही उघडलेले नसतात.

मग काय होतें? आईबाप सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खेपा घालितात. स्वतः दाणे खाणारी चिमणी पिलांसाठीं अळ्या व किडे आणिते. घरट्याच्या तोंडाशीं ती येते तों सर्व चोंची उघडतात, आणि जी चोंच सर्वांत उंच व सर्वांत रुंद, जिचा ओरडा सर्वांत मोठा, तिच्यांत प्रथम घास पडतो. आईबापांच्या मनांत कांहीं वैर नसतें. त्यांस घाई असते. किडे विपुल असले म्हणजे थोरल्यांचीं पोटें भरून तीं मान खालीं घालितात व धाकट्याची पाळी येते. पण अन्न कमी पडलें म्हणजे धाकट्याची पाळी येतच नाहीं. तें भुकेनें अशक्त होतें; अशक्त झालें म्हणून त्याची मान वर होत नाहीं; मान वर होत नाहीं म्हणून त्यास घास मिळत नाहीं. असें हें चक्र दोन दिवस चाललें म्हणजे तें थंड पडतें.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत धरा. त्या पिलाचा अपराध काय होता? कांहींच नाहीं. तें केवळ शेवटीं जन्मलें. शिष्यांनीं जन्मांधास पाहून प्रभूस विचारलें होतें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? आपणही दुर्बळ माणूस पाहिलें म्हणजे हाच प्रश्न मनांत आणितों. अमक्यास वाचतां येत नाहीं, तमक्याचें कर्ज फिटत नाहीं, फलाणा उपासनेस नियमित येत नाहीं. तेव्हां त्याचाच कांहीं दोष असला पाहिजे. दोष असेल किंवा नसेल. परंतु ज्याचे आजोबा वाचावयास शिकले आणि ज्याच्या घरांत पहिलें पुस्तक कालपरवां आलें, त्या दोघांच्या माना सारख्या उंच नाहींत, आणि तें अंतर पापानें पडलेलें नाहीं. प्रभूनें शिष्यांचा तो प्रश्न बाजूस सारिला व आंधळ्याच्या डोळ्यांस हात लाविला. आपणही त्याच क्रमानें चालावें.

आतां याहून कठीण असें दुसरें घरटें पाहूं. आफ्रिका खंडांतील खडकाळ डोंगरांवर एक मोठा काळा गरुड राहतो. त्याची मादी बहुधा दोन अंडीं घालिते, आणि दुसरें पिलूं पहिल्याच्या मागून सुमारें तीन दिवसांनीं निघतें. तें निघतांच थोरलें त्यास चोंचीनें टोंचूं लागतें. झिंबाब्वे देशांतील मातोबो टेकड्यांवर व्हॅलेरी गार्गेट नांवाच्या बाईंनीं अनेक वर्षें ह्या गरुडांचें निरीक्षण केलें. एका घरट्यांत तीन दिवसांच्या आंत थोरल्यानें धाकट्यास दीड हजारांहून अधिक टोंचे मारल्याची त्यांनीं नोंद केली. धाकटें मेलें. आणि भयंकर गोष्ट ही कीं घरट्यांत त्या वेळीं अन्न पडलेलें असतें. आई जवळ असते व मध्यें पडत नाहीं. ह्या जातींत दोन्ही पिलें जगल्याचें क्वचितच आढळतें. शास्त्रज्ञांनींही ह्या प्रकारास नांव दिलें आहे तें आपल्याच पवित्र शास्त्रांतून घेतलें आहे : काइनाचें नांव.

कोणी म्हणेल, जो देव चिमणीस विसरत नाहीं त्याच्या सृष्टींत असें कां व्हावें? हा प्रश्न वाईट नाहीं, आणि त्यास घाईनें उत्तर देऊन तोंड बंद करूं नये. पंडित सांगतात कीं, दुसरें अंडें हें पहिलें नासलें तर उपयोगीं पडावें म्हणून असतें. पहिलें पिलूं धड निघालें म्हणजे दुसऱ्याचें काम संपलें. हें कारण खरें असेल, पण त्यानें मनास समाधान होत नाहीं. पौल प्रेषित रोमकरांस लिहितांना सांगतो कीं, सारी सृष्टि कण्हत आहे व सुटकेची वाट पाहत आहे. सृष्टि जशी आज आहे तशीच ती पूर्ण झाली असें शास्त्र म्हणत नाहीं. परंतु एक गोष्ट मात्र अगदीं स्पष्ट आहे. तुझा भाऊ कोठें आहे, असें देवानें गरुडास कधीं विचारलें नाहीं. तें त्यानें काइनास विचारलें. पक्ष्यास आज्ञा दिलेली नाहीं. आपणांस दिली आहे. म्हणून "जगाची रीतच अशी, बळकट जगेल व दुबळा मरेल," असें जो ख्रिस्ती मनुष्य म्हणतो तो घरट्यांतील रीत दाखवून काइनाचें उत्तर देतो.

आणि जेथें पक्ष्याची आई मध्यें पडत नाहीं तेथें माणूस मध्यें पडला आहे, हेंही सांगितलें पाहिजे. युरोपांत ठिपक्यांचा एक लहान गरुड आहे. त्याचेंही धाकटें पिलूं बहुधा थोरल्याच्या चोंचीनें मरतें. मायबुर्ग नांवाच्या जर्मन पक्षीशास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्लोव्हाकियांत असा प्रयोग आरंभिला कीं, धाकटें मरण्यापूर्वीं त्यास घरट्यांतून काढावें, दुसरीकडे वाढवावें, आणि थोरल्याचा तो मारण्याचा आवेश ओसरला म्हणजे त्यास परत घरट्यांत ठेवावें. कांहीं आठवड्यांनंतर तो आवेश खरोखरच ओसरतो. मग दोघें शेजारीं बसतात, आणि तेच आईबाप दोघांसही भरवितात! पुढें जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतांत, जेथें हे गरुड फार थोडे उरले होते तेथेंही, २००४ पासून हा उपाय चालविला गेला. ज्या पिलास घरट्यानें मेलेलें धरलें होतें तें आकाशांत उडालें.

अमेरिकेंतील पांढऱ्या मोठ्या करकोच्याची गोष्ट अशीच आहे. १९४१ सालीं हे पक्षी रानांत वीस-बावीसच उरले होते. हा पक्षी दोन अंडीं घालितो, परंतु बहुधा एकच पिलूं वांचतें. १९६७ पासून कानडा देशांतील घरट्यांमधून दुसरें अंडें काळजीपूर्वक उचलून नेऊन उबविण्यांत येऊं लागलें. त्या वरकड अंड्यांतून जो वंश वाढला त्याच्याच पिलांनीं, जेथून ही जात नाहींशी झाली होती अशा प्रदेशांत ती पुन्हा वसविण्यांत आली. आज हे पक्षी शेंकड्यांनीं मोजतात. ज्यास आपण वरकड म्हणतों त्याच्या ठायीं देवानें काय ठेविलें आहे हें आपणांस आधीं कळत नसतें.

परंतु परदेशाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आतां आपल्याच गांवांतील तिसरें घरटें पाहूं. पडक्या वाड्यांत, विहिरीच्या कपारींत, कधीं आपल्या देवळाच्या माळ्यावरही, पांढऱ्या तोंडाचें गव्हाणी घुबड राहतें. लोक त्यास अशुभ मानून दगड मारतात. खरें पाहतां तें रात्रभर शेतांतील उंदीर मारून शेतकऱ्याचें काम फुकट करितें. ह्याची मादी दोन-तीन दिवसांच्या अंतरानें एकेक अंडें घालिते व पहिल्यापासूनच उबविते. म्हणून पांच-सहा पिलांत थोरल्याधाकट्यांमध्यें दोन आठवड्यांचेंही अंतर असूं शकतें. असें अंतर गरुडाच्या घरट्यांत असतें तर धाकटें एक दिवस जगतें ना. पण येथें काय होतें तें स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाचे प्राध्यापक रूलँ व त्यांचे सोबती ह्यांनीं पाहिलें आहे. आईबाप शिकारीस गेले असतां पिलें अंधारांत एकमेकांस साद घालितात. ज्यास अधिक भूक तो अधिक साद घालितो, आणि ज्यास कमी भूक तो गप्प होऊन पुढचा उंदीर त्यास सोडतो. इतकेंच नव्हे, तर पुष्कळदां थोरलें पिलूं आपल्या वांट्याचा उंदीर उचलून धाकट्याच्या चोंचींत देतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत असें आहे कीं, पोटास पुरेसें मिळालेलें थोरलें अशा रीतीनें वांटून देतें, आणि जें भावंड अधिक भुकेलेलें किंवा ज्यानें त्याचीं पिसें साफ केलीं त्यास तें आधीं देतें.

ज्यास लोक अशुभ म्हणतात त्याच्या घरट्यांत ही रीत आहे, आणि ज्यास लोक पक्ष्यांचा राजा म्हणतात त्याच्या घरट्यांत ती! आपली मंडळी कोणत्या घरट्यासारखी आहे? थोरलेपण देवानें दिलें आहे, तें कोणी कोणापासून हिरावून घ्यावें असें नाहीं. पण थोरल्याची चोंच टोंचण्यासाठीं आहे कीं भरविण्यासाठीं, हें प्रत्येक थोरल्यानें स्वतःस विचारावें.

आतां व्यवहाराचें चार शब्द. पावसाळ्याच्या आरंभीं मुलें घरट्यांतून पडलेलीं पिलें हातांत घेऊन येतात. त्यांचें काय करावें हें ठाऊक नसल्यानें चांगल्या मनानेंही तीं मारलीं जातात. म्हणून हें ध्यानांत ठेवावें.

पिलूं उघडें, बिनपिसांचें असेल तर तें ज्या घरट्यांतून पडलें त्यांत परत ठेवावें. माणसाचा हात लागला कीं आई त्यास टाकून देते, ही समजूत खरी नाहीं. आई त्यास घेते. घरटें मोडलें असेल तर लहान टोपलींत किंवा करवंटींत वाळलें गवत घालून ती त्याच जागेजवळ उंच बांधावी. आईबाप बहुधा तेथें येतात. पिलूं पिसांचें असून खालीं टुणटुण उडत असेल तर तें पडलेलें नाहीं. तें उडावयास शिकत आहे व त्याचे आईबाप जवळच आहेत. त्यास मांजरकुत्र्यापासून दूर एखाद्या झुडपांत ठेवून आपण बाजूस व्हावें. थंड पडलेल्या पिलास आधीं ऊब द्यावी, मग अन्नाचा विचार. थंड पोटांत अन्न जिरत नाहीं. त्याच्या चोंचींत पाणी किंवा दूध ओतूं नये. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशींच उघडते, आणि ओतलेलें पाणी तिच्यांत जाऊन तें गुदमरतें. पिलूं घरीं पिंजऱ्यांत पाळूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बहुतेक देशी रानपक्ष्यांविषयीं तशी मनाई आहे. जखमी असेल तर वनखात्याच्या माणसास कळवावें. आणि सर्वांत मोठें साहाय्य असें कीं, अंगणांत व बांधावर झाडेंझुडपें राहूं द्यावीं आणि घराभोंवतीं विषारी औषधें फवारूं नयेत. घरट्याजवळ अळ्या विपुल असल्या म्हणजे आई पांचव्यासही भरविते. दुबळ्यास उचलून नेण्यापेक्षां घरट्यास अन्न पुरेल असें करणें हें पुष्कळदां अधिक उपयोगाचें असतें.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत वाटेवर सांपडलेल्या घरट्याविषयींही देवानें नियम घालून दिला आहे. ज्या देवानें राज्याचे व यज्ञाचे नियम दिले त्यास घरट्याचा नियम लहान वाटला नाहीं. तेव्हां आपणांसही तो लहान वाटूं नये.

उपदेशक बंधूंनो, वरील नियम तुम्ही आपल्या कामासही लावून पाहा. पडलेल्यास घरट्यांत परत ठेवावें : जो मंडळींतून दूर गेला आहे त्यास तुमच्या ओसरीवर बसवून घेण्यापेक्षां त्याच्या घरच्यांशीं व मंडळीशीं त्याची गांठ पुन्हा घालून द्यावी. आधीं ऊब, मग अन्न : ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं त्यास आधीं वचन सांगण्यापेक्षां त्याच्याजवळ बसावें, त्याचें दुःख ऐकावें, शेजाऱ्यांकडून पायलीभर दाणे मिळवून द्यावे, मग वचन त्याच्या पोटांत जिरेल. घशांत ओतूं नये : नवख्यास एका दिवसांत सर्व शिकविण्याचा हट्ट धरल्यास त्याचा जीव गुदमरतो. आणि जें पिलूं उडावयास शिकत आहे त्यास उगीच उचलूं नये. बाजूस होणें हीही सेवाच आहे.

मातांनो, तुम्हांसही एक शब्द सांगावयाचा आहे. चिमणी घाईंत असते म्हणून जें मोठ्यानें ओरडतें त्यास ती भरविते. तुमच्या मागेंही घाई आहे. पाणी, सरपण, शेत, गुरें. ताट वाढतांना कोणाची चोंच आधीं उघडते? मुलगा मागतो, हट्ट करितो, त्यास मिळतें. धाकटी मुलगी गप्प बसते, आणि आपण म्हणतों, पोर मोठी गुणी आहे, कांहीं मागत नाहीं. बायांनो, जें लेंकरूं मागत नाहीं त्याचें पोट भरलें आहे असें समजूं नका. कित्येकदां मागण्याचेंही त्राण त्याच्या अंगीं उरलेलें नसतें. अंगणवाडींत तराजू आहे. त्यावर तिला महिन्याचे महिन्यास बसवा. तराजूपुढें ओरडणारा व गप्प बसणारा दोघे सारखे असतात. आणि घरांत कमी असेल त्या दिवशीं वाढण्यास शेवटच्यापासून आरंभ करा. पोपटांच्या कांहीं जातींत आई अशी आहे कीं थोरल्यांचा गलबला चाललेला असतां ती मुद्दाम लहानग्यांस अधिक भरविते. तिला जें साधतें तें आपणांस कां साधूं नये?

आणि मंडळीच्या वडिलांनो, तुमच्या सभेंतही जो मोठ्यानें बोलतो त्याचाच अर्ज आधीं निघतो. बियाण्याची मदत असो, मुलाच्या शाळेची फी असो, ज्याची मान उंच त्यास प्रथम मिळतें. मागील बाजूस दाराशीं बसणारी विधवा कांहीं बोलत नाहीं. येत्या सभेपूर्वीं तुमच्यापैकीं दोघांनीं तिच्या घरीं जावें. शरीराचे जे अवयव अधिक दुर्बळ दिसतात तेच अधिक आवश्यक आहेत, असें पौल करिंथकरांस शिकवितो. हें त्यानें दया म्हणून लिहिलें नाहीं. शरीर कसें चालतें तें त्यानें सांगितलें. ज्या शरीरांत करंगळीच्या दुखण्यानें डोळ्यास झोंप येत नाहीं तें शरीर जिवंत आहे.

शेवटीं ज्यांच्या घरीं पाळणा रिकामा झाला आहे त्यांच्याशीं बोलावयाचें आहे. सर्व करूनही एखादें पिलूं राहत नाहीं. ऊब दिली, घास दिला, रात्री जागविल्या, दवाखाना गांठला, तरी तें गेलें. मग प्रभूचें वचन खोटें झालें काय? तें वचन नीट वाचा. चिमणी जमिनीवर पडणारच नाहीं असें प्रभूनें म्हटलेलें नाहीं. ती पडते हें तो जाणून होता. बाजारांत त्यानें ती विकलेली पाहिली होती. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, ती पडते तेव्हां ती पित्याच्या दृष्टीबाहेर पडत नाहीं. तुमचें लेंकरूं ज्या हातांतून निसटलें ते तुमचे हात होते. ज्या हातांत पडलें ते तुमचे नव्हते, पण रिकामेही नव्हते. ज्यानें असें सांगितलें तो स्वतः वधस्तंभावर टाकाऊ म्हणून टांगला गेला, आणि त्याच टाकलेल्यास देवानें उठविलें. म्हणून त्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवितों.

तर बंधुभगिनींनो, हा आठवडा असा घालवूं. आपल्या घरांत, आपल्या आळींत, आपल्या मंडळींत पांचवें कोण आहे तें शोधूं. जें ओरडत नाहीं तें ऐकूं. थोरले आहों तर आपल्या वांट्यांतील घास उचलून धाकट्यास देऊं. आणि आपणच पांचवे असूं, कोणाच्या हिशेबांत नसूं, तर धीर धरूं. कारण बाजारानें आपली मोजदाद केली नाहीं तरी ज्यानें आपले केसही मोजले आहेत त्याच्या हिशेबांत आपण आहों.

प्रार्थना : हे स्वर्गींच्या बापा, जें लहान व शेवटचें आहे त्याची तूं आठवण ठेवितोस, आमच्या हातांस तुझ्या हातांसारखें कर. आमच्या घरांतील गप्प लेंकराचा आवाज आम्हांस ऐकूं येऊं दे. आमच्या मंडळींत कोणी काइन न होवो. जे पडले त्यांस उचल, जे थंडावले त्यांस ऊब दे, ज्यांचे पाळणे रिकामे आहेत त्यांच्याजवळ राहा. आमेन.